अहवाल हातात पडल्यानंतर

सार्वजनिक आरोग्याच्या एखाद्या तपासणी कार्यक्रमात सुधारणा झाल्याचे जाहीर होते, तेव्हा त्या बातमीत बहुधा तीनच गोष्टी असतात: नवी चाचणी आली, वयाची अट शिथिल झाली, किंवा तपासलेल्या लोकांचा आकडा पूर्वीपेक्षा मोठा झाला. या तिन्ही गोष्टी चांगल्या असू शकतात, पण त्यांपैकी एकीवरूनही कार्यक्रम सुधारला की नाही हे कळत नाही. माझे म्हणणे असे आहे की, ज्या माणसाच्या अहवालावर ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा शेरा आला, त्याचे त्यानंतर काय झाले, हीच अशा कार्यक्रमाच्या सुधारणेची खरी मोजपट्टी आहे. ही मोजपट्टी लावली तर कधी चाचणी वाढवणे ही सुधारणा ठरेल, कधी दोन चाचण्यांमधले अंतर लांबवणे ही सुधारणा ठरेल, आणि कधी चालू कार्यक्रम बंद करणे हीच मोठी सुधारणा ठरेल.

स्क्रीनिंग आणि उपचार यांतला मूलभूत फरक आधी लक्षात घ्यायला हवा. आजारी माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याला काहीतरी त्रास होत असतो आणि तो आपणहून मदत मागत असतो. स्क्रीनिंगमध्ये आरोग्ययंत्रणा, ज्याला काहीही होत नाही अशा माणसाच्या दारी जाते आणि त्याला म्हणते, ‘तुम्ही बरे दिसता, तरी एकदा तपासून घ्या.’ त्या माणसाने काही मागितलेले नसते. म्हणून त्याला बोलावणाऱ्यावर येणारी जबाबदारी नेहमीच्या वैद्यकीय जबाबदारीपेक्षा जास्त आहे, कमी तर नाहीच. बोलावून घेतलेल्या निरोगी माणसाला चिंता, विनाकारण शस्त्रक्रिया किंवा अर्धवट सोडलेला तपास देऊन परत पाठवणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे.

हे शहाणपण नवे नाही. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे दहा निकष लिहून ठेवले आणि आजही जगभर त्यांचाच आधार घेतला जातो. त्या दहांपैकी थेट चाचणीविषयीचे निकष दोनच आहेत: चाचणी योग्य असावी आणि लोकांना ती मान्य होणारी असावी. उरलेले आठ चाचणीच्या आजूबाजूच्या गोष्टींविषयी आहेत. आजार महत्त्वाचा आहे का, तो कसा वाढत जातो हे कळले आहे का, लवकर ओळखता येईल अशी त्याची अवस्था असते का, त्यावर उपचार आहे का, निदान व उपचारांची सोय आहे का, उपचार कोणावर करायचे हे ठरले आहे का, खर्च इतर आरोग्यसेवांच्या तुलनेत समर्थनीय आहे का, आणि हे काम एकदाच उरकण्याची मोहीम न होता अखंड चालणार आहे का. आज ज्याला ‘सुधारणा’ म्हटले जाते तिचा सगळा भर मात्र चाचणीविषयीच्या त्या दोन निकषांवर असतो, कारण यंत्र विकत घेता येते आणि त्याचे उद्घाटनही करता येते. पाठपुराव्याचे उद्घाटन होत नाही.

चाचणी कितीही चांगली असली तरी पाठपुरावा का टाळता येत नाही, हे साध्या गणिताने दिसते. समजा, १०,००० लोकांना तपासले आणि त्यांपैकी ५० जणांना तो आजार खरोखर आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के अचूक पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते. म्हणजे कोणीही चांगलीच म्हणेल अशी ही चाचणी आहे. आता पन्नासांपैकी ४५ जण सापडतील आणि ५ सुटतील. पण उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ४९८ जणांचा अहवालही पॉझिटिव्ह येईल. एकूण ५४३ लोकांच्या हातात धास्तावणारा कागद पडेल आणि त्यांतल्या फक्त ४५ जणांना आजार असेल, म्हणजे ढोबळमानाने दर बारा जणांत एकाला. उरलेल्या अकरा जणांना ‘तुम्हाला काही नाही’ हे खात्रीने आणि लवकर सांगणे, हे काम त्या एकाला शोधण्याइतकेच कार्यक्रमाचे आहे. दहा हजारांचा आकडा बातमीत येतो, पण या पाचशे त्रेचाळीस जणांचे काय झाले हे कोणी छापत नाही.

त्या पाचशेंपैकी एक माणूस मी जवळून पाहिला आहे. माझ्या थोरल्या वहिनींनी काही वर्षांपूर्वी एका मोहिमेत स्तनांची तपासणी करून घेतली. त्यांना काही त्रास नव्हता. सगळ्या जणी जात होत्या म्हणून त्याही गेल्या. काही दिवसांनी आलेल्या अहवालात दोन ओळी होत्या: उजव्या बाजूस संशयास्पद घनता, पुढील तपासणीचा सल्ला. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, किती दिवसांत जायचे, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हते. दूरध्वनी केला तर मोहीम संपली असून यंत्र पुढच्या ठिकाणी गेले आहे, असे उत्तर मिळाले. पुढचे अकरा आठवडे त्या घरात तो विषय कोणी मोठ्याने काढला नाही, पण वहिनी रात्री उठून स्वयंपाकघरात दिवा लावून बसत. त्यांनी तो कागद इतक्या वेळा उघडून वाचला होता की घडीवरची अक्षरे पुसट झाली होती. शेवटी ओळखीतून एका रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचलो, सोनोग्राफी झाली, आणि काही नसल्याचे वीस मिनिटांत कळले. त्या मोहिमेच्या हिशेबात वहिनी ‘तपासलेली एक स्त्री’ आहेत. त्या अकरा आठवड्यांची कुठेही नोंद नाही. आणि खरोखर आजार असता, तर त्याचीही झाली नसती.

याच्या अगदी उलट चित्र नवजात बाळांच्या तपासणीत दिसते. १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारासाठी एक चाचणी शोधली. बाळाच्या टाचेला टोचून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचे, इतके ते सोपे होते. गथ्रींच्या भाचीलाच हा विकार होता आणि तिच्या बाबतीत निदानाला उशीर झाला होता. या विकारात एका अमिनो आम्लाचे विघटन होत नाही आणि ते साचून मेंदूची कायमची हानी होते. सुरुवातीच्या आठवड्यांतच विशिष्ट आहार सुरू केला तर ते मूल इतर मुलांसारखे वाढते. या चाचणीचे कौतुक होते ते तिच्या साधेपणासाठी, पण तिचे यश मला त्या पुढच्या साखळीत दिसते. कागद प्रयोगशाळेत पोहोचतो, अहवाल संशयास्पद असेल तर घरी पत्र पाठवून वाट न पाहता थेट संपर्क होतो, मूल तातडीने बोलावले जाते, खात्रीची चाचणी होते आणि आहारतज्ज्ञ तयार असतो. पुढे याच वाळलेल्या थेंबांवर एकाच वेळी अनेक विकार तपासणारे तंत्र आले, पण जिथे ही साखळी नाही तिथे यादीत पन्नास विकार घातले तरी मूल वाचत नाही.

मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीचेही असेच आहे. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेह असलेल्या लोकांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे ठरावीक काळाने काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहत गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान पाच दशकांत प्रथमच, कामाच्या वयातील लोकांना येणाऱ्या अंधत्वाच्या नोंदींत मधुमेही दृष्टिपटलविकार पहिल्या क्रमांकावर उरला नाही. मधुमेहावरचे उपचार सुधारणे हेही त्याचे कारण आहे, पण नियमित बोलावणे, छायाचित्रांचे प्रमाणित वाचन आणि गरज असलेल्याला ठरलेल्या मुदतीत लेझर उपचारांपर्यंत नेणे यांचा वाटा मोठा आहे. आणि २०२३ पासून त्याच कार्यक्रमाने, ज्यांच्या लागोपाठ दोन तपासण्यांत काही आढळले नाही त्यांना दरवर्षीऐवजी दोन वर्षांनी बोलावण्यास सुरुवात केली. तपासण्या कमी करणे ही इथे सुधारणा आहे, कारण वाचलेला वेळ ज्यांची दृष्टी धोक्यात आहे त्यांच्याकडे वळवता येतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅप स्मिअरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याच्या पद्धतीने, जिथे ती नियमितपणे आणि संघटितपणे केली गेली तिथे, या आजाराचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटवले. पण ती चाचणी माणसांवर अवलंबून आहे: नमुना घेणारा हात, काचपट्टी वाचणारा डोळा, आणि दर दोन-तीन वर्षांनी तीच स्त्री पुन्हा येईल याची व्यवस्था. हे सगळे जिथे नाही तिथे पॅप स्मिअर कागदावरच राहिली. हा कर्करोग एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो हे हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. मग पेशींतला बदल शोधण्याऐवजी थेट विषाणूच शोधणारी चाचणी आली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेला उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यास या बाबतीत जगभर उद्धृत होतो. १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या त्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पेशींची तपासणी आणि ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी या दोन्ही गटांत तशी ठोस घट दिसली नाही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये दर दोन वर्षांची पॅप स्मिअर सोडून दर पाच वर्षांची एचपीव्ही चाचणी स्वीकारली आणि जुलै २०२२ पासून पात्र असलेल्या प्रत्येक स्त्रीला नमुना स्वतः घेण्याचा पर्याय दिला. या दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व मला पहिल्यापेक्षा अधिक वाटते. संकोच, मागचा वाईट अनुभव, वेळ नसणे, परक्या माणसासमोर तपासणी नकोशी वाटणे, अशा कारणांनी ज्या स्त्रिया कधीच आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी हे दार उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्टही नीट वाचण्यासारखे आहे: ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत एचपीव्हीची लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत उत्तम दर्जाच्या चाचणीने तपासणी, आणि विकार आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार. यातला तिसरा आकडा सर्वांत कमी उच्चारला जातो. २०२२ मध्ये या कर्करोगाने जगात सुमारे ३,५०,००० स्त्रिया दगावल्या आणि त्यांतले ९४ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते, म्हणजे जिथे तिसरा आकडा गाठणे सर्वांत अवघड आहे नेमके तिथलेच. अशा ठिकाणी चाचणी आणि उपचार एकाच भेटीत किंवा फार तर दोन भेटींत उरकण्याची पद्धत अधिक महागड्या यंत्रापेक्षा उपयोगी ठरते, कारण प्रत्येक जादा फेरीगणिक काही स्त्रिया गळतात.

आता दुसरी बाजू. ‘लवकर सापडले म्हणजे वाचले’ हे वाक्य इतके सहज पटते की त्यावर शंका घेणे निर्दयपणाचे वाटते. पण ते प्रत्येक आजाराला लागू होत नाही. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात थायरॉइडचा समावेश नव्हता, पण रुग्णालये थोड्या जादा पैशांत थायरॉइडची सोनोग्राफी करून देऊ लागली. २०११ पर्यंत तिथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. त्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणजे सापडलेल्या बहुसंख्य गाठी अशा होत्या की त्यांनी त्या माणसाला आयुष्यभर कधीच त्रास दिला नसता. पण निदान झालेल्या जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, बहुतेकांना जन्मभर गोळी घ्यावी लागली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या १५,००० हून अधिक लोकांच्या नोंदींत ११ टक्क्यांना पॅराथायरॉइड (रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या) ग्रंथींचे काम मंदावण्याचा तर २ टक्क्यांना स्वरयंत्राच्या पक्षाघाताचा त्रास झाल्याचे दिसले. ही माणसे स्वतःला कर्करोगातून वाचलेली समजतात, आणि त्यांचे तसे समजणे साहजिक आहे. म्हणूनच अतिनिदानाची तक्रार करायला कधी कोणी पुढे येत नाही.

जपानमध्ये १९८० च्या दशकापासून सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीची न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी देशभर तपासणी होत असे. २००२ मध्ये कॅनडा आणि जर्मनीतील अभ्यासांतून असे दिसले की, अशा तपासणीने निदाने वाढतात पण मृत्यू कमी होत नाहीत, कारण सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरणाऱ्या असतात. जपानने तो कार्यक्रम थांबवला. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: एका पद्धतीने आजार आधीच्या टप्प्यात अधिक वेळा सापडला, तरी मृत्यू घटले नाहीत. वर्षानुवर्षे त्यात राबलेल्या संशोधकांनी तो निकाल जसाच्या तसा लोकांपुढे ठेवला. त्यांना किती जड गेले असेल याची कल्पना करता येते, आणि सार्वजनिक आरोग्याला असाच प्रामाणिकपणा हवा आहे.

थांबवलेली गोष्ट कायमची बाद होते असेही नाही. क्षयरोगासाठी गाड्या फिरवून सरसकट सगळ्यांचे छातीचे एक्स-रे काढण्याची पद्धत एके काळी अनेक देशांत होती. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ती सोडून देण्याचा सल्ला दिला, कारण खर्चाच्या मानाने रुग्ण फार थोडे सापडत होते आणि बहुतेक रुग्ण लक्षणे दिसल्यावर स्वतःच दवाखान्यात येत होते. २०२१ मध्ये त्याच संघटनेने जास्त जोखमीच्या गटांसाठी एक्स-रेची शिफारस पुन्हा केली आणि पंधरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या एक्स-रेचे वाचन संगणकाने करण्यासही मान्यता दिली. या दोन्ही निर्णयांत विसंगती शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्र लहान झाले, वाचन स्वस्त झाले, लक्षणे नसलेल्या क्षयरोगाबद्दलचे ज्ञान वाढले, आणि ‘सगळे’ ऐवजी ‘ज्यांना धोका जास्त आहे ते’ अशी निवड झाली. पुराव्यासोबत निर्णय बदलणे हेच तर अद्ययावत असणे आहे.

अशा बदलांनी लोक गोंधळतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. अमेरिकेतील तज्ज्ञ गटाने २००९ मध्ये मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सरसकट पन्नाशीपासून सुचवली, २०२४ मध्ये ते वय चाळीसवर आणले. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्तावर केल्या जाणाऱ्या पीएसए चाचणीविरुद्ध २०१२ मध्ये शिफारस केली, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे असे म्हटले. सामान्य माणूस विचारणारच की काल चूक होती की आज आहे. यावर उपाय म्हणून सल्ला गोठवून ठेवता येणार नाही. पहिल्या दिवसापासून त्यासोबत त्याची कारणे सांगावी लागतील: या वयात हजारातल्या किती जणांना फायदा, किती जणांना खोटी धास्ती, आणि पुन्हा विचार कधी होणार. लोकांना हे समजणार नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांना ते समजावून सांगण्याचा प्रयत्न क्वचितच केलेला असतो. लपवण्याची किंमत काय असते हे आयर्लंडमध्ये २०१८ मध्ये दिसले. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जुन्या नमुन्यांच्या फेरवाचनात वेगळा निष्कर्ष निघाला होता, पण बहुतेकींना ते कळवलेच गेले नव्हते. स्क्रीनिंगमध्ये काही रुग्ण सुटतात हे लोक स्वीकारू शकले असते. आपल्यापासून दडवले गेले हे त्यांनी स्वीकारले नाही, आणि ते योग्यच होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात. स्वीडनमध्ये सुमारे ८०,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे २०२३ मधील पहिले निष्कर्ष सांगतात की, मॅमोग्राफीच्या वाचनात संगणकाची मदत घेतल्यास रेडिओलॉजिस्टचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. रेडिओलॉजिस्ट कमी असलेल्या जगात हे मोलाचे आहे. पण वाचन दुप्पट वेगाने झाले आणि बायॉप्सीची रांग तेवढीच राहिली, तर आपण फक्त वाट पाहणाऱ्यांची संख्या दुप्पट वेगाने वाढवू.

न येणाऱ्यांचा प्रश्न याहून जुना आणि अवघड आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडले की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी पोहोचते. स्क्रीनिंगला हे तंतोतंत लागू पडते. स्वतःहून येणारे लोक बहुधा सुशिक्षित, आधीच काळजी घेणारे आणि कमी जोखमीचे असतात. त्यांनाच पुन्हा पुन्हा तपासून आकडा फुगवणे सोपे असते. जो पाच वर्षांत एकदाही आला नाही त्याला एकदा आणणे, हे जो दरवर्षी येतो त्याला सहाव्यांदा तपासण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, पण मोजणी दोघांची सारखीच होते.

‘एक जरी जीव वाचला तरी सगळे सार्थकी लागले’ असे या चर्चेत कोणीतरी म्हणतेच. या वाक्यामागची कळकळ मला मान्य आहे. पण तो एक जीव वाचवायला वापरलेली परिचारिका, शस्त्रक्रियागृह आणि तास दुसऱ्या कुणाच्या तरी उपचारातून आलेले असतात, आणि तो दुसरा माणूस बातमीत नसतो. शिवाय ज्याला आजार नसताना ग्रंथी गमवावी लागली त्याचाही एक जीव आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणत्याही तपासणी कार्यक्रमाने दरवर्षी तपासलेल्यांच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, आणखी काही आकडे छापावेत: किती जणांचा अहवाल संशयास्पद आला, त्यांपैकी कितीजणांची खात्रीची तपासणी पूर्ण झाली, त्यासाठी सरासरी किती दिवस लागले, कितीजणांना काही नसल्याचे निघाले, आणि बोलावूनही न आलेले कोण होते. दर काही वर्षांनी एका स्वतंत्र समितीने कार्यक्रम चालू ठेवावा, बदलावा की थांबवावा हे उघडपणे ठरवावे. आणि पुढच्या टप्प्याची जागा, तारीख व संबंधित व्यक्तीचे नाव आधीच नक्की केल्याशिवाय कुणालाही पहिल्या टप्प्यासाठी बोलावू नये. वहिनींच्या त्या कागदावर दोनच्या ऐवजी तीन ओळी असत्या, आणि तिसऱ्या ओळीत पुढच्या मंगळवारची वेळ व कोणाला भेटायचे ते लिहिलेले असते, तर अकरा आठवड्यांचे काम पाच दिवसांत झाले असते.